स्वयंपाक शिकवताना पोरांच्या हातून पदार्थ बिघडला तर टाकायचा का?

उलथणं_आणि_फळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन (जनरल) हा ट्रेड शिकवतो. आयटीआय म्हणलं की लोकांना फिटर, वेल्डर, वायरमन आठवतात, स्वयंपाकाचा पण ट्रेड असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दहावी पास पोरांसाठी एक वर्षाचा कोर्स. कागदावर माझं पद 'शिल्प निदेशक', पोरं सर म्हणतात, गावात मला आचारी सर म्हणतात आणि मला ते आवडतं.

दिवस सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. साडेसातला किचन उघडतो. आधी खिडक्या, मग बाकी सगळं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, रात्रीतून गळला तर फरशीलगत साठून राहतो, म्हणून लाइटच्या बटनाला हात लावायच्या आधी वाकून खालचा वास घ्यायचा ही माझी अकरा वर्षांची सवय. मग १९ किलोच्या सिलिंडरांचे रेग्युलेटर आणि पाइप बघायचे. आठला पोरं येतात. नखं, केस, अंगठ्या, मनगटातले गंडेदोरे. गंड्यावरून दर वर्षी एक तरी भांडण होतं कारण तो आईनं बांधलेला असतो, आणि तो ओला गंडा कच्च्या चिकनवर लोंबताना मला चालत नाही. शेवटी बाही खाली ओढून वर ग्लोव्ह घालायचा अशी तडजोड होते. मग सुऱ्या मोजून द्यायच्या, २४ बाहेर, संध्याकाळी २४ आत. एक कमी भरली तर कुणी घरी जात नाही.

मग डेमो, मग सहा ग्रुप सहा बर्नरवर. आमच्याकडं प्रत्येक प्रॅक्टिकलला 'जॉब' म्हणतात, शेजारच्या फिटरवाल्यांसारखंच. बारा ते एकच्या मधे मी सहा पातेल्यांतलं चाखतो, मार्क देतो, मग भांडी, ओटे, फरशी. दुपारी थिअरी आणि कॉस्टिंग. या सगळ्यात दोनच्या आत उद्याचा इंडेंट, म्हणजे लागणाऱ्या सामानाची यादी, भांडारात गेला पाहिजे, नाहीतर उद्या पोरांना नुसती पाण्याची पातेली हलवावी लागतात.

आता मूळ गोष्ट. मागच्या गुरुवारी बेसिक ग्रेव्ह्या होत्या. हॉटेलात चार ग्रेव्ह्या आधी करून ठेवतात, व्हाइट, यलो, मखनी आणि कांदा-टोमॅटोची ब्राऊन, त्यांच्यावर निम्मं मेनूकार्ड चालतं. एका ग्रुपला पाच किलो कांद्याची ब्राऊन ग्रेव्ही दिली होती. कांदा तळाला लागला, आणि हलवणाऱ्या पोरीनं घाबरून सराट्यानं तळ खरवडून सगळं एकजीव केलं. संपलं. करपलेला कण ग्रेव्हीत मिसळला की साखर घाला नाहीतर क्रीम घाला, कडूपणा जात नाही. मी चाखलं आणि म्हणलं, टाक. ती हलेना. परत म्हणलं, तर खाली बघत म्हणाली, सर आमच्या शेतातला कांदा भाव नव्हता म्हणून वडलांनी बांधावर टाकला होता, तेव्हा दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही, आता इथं पण टाकायचा का.

मी ते पातेलं स्वतः उचलून मागं नेलं. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही. फिटरचा जॉब बिघडला की लोखंड भंगारात जातं, कुणाला काही वाटत नाही. माझ्या पोरांचा जॉब म्हणजे अन्न आहे. तुम्ही शिकवत असाल, शिकला असाल, तर सांगा. टाकायचं, सुधारायचं, का ज्याचं त्याला खायला लावायचं?

खमंग_फोडणी

फार आतून लिहिलंय सर. वाचतेय, उत्तर माझ्याकडे नाही.

पास_नंबर_सात

मी पुण्यात हॉटेल किचनला आहे, चौदा वर्षं झाली. स्पष्ट बोलतो, टाकायचं. टाकताना पोराला बाजूला उभं करायचं. सर्व्हिसच्या टायमाला ग्रेव्ही लागली तर माझ्याकडे बसून विचार करायला दोन मिनिटं पण नसतात, तो पोरगा इथे येऊन "सर टाकू का ठेवू" करत बसला तर बाहेर चाळीस कव्हर, म्हणजे जेवणारी गिऱ्हाइकं, थांबतात. 'बिघडलेलं ओळखून लगेच बाजूला करणं' हा सुद्धा शिकवायचा भाग आहे. खायला लावणं मात्र अजिबात नको, माझ्या पहिल्या शेफनी मला खारट सूप वाटीभर प्यायला लावलं होतं सगळ्यांसमोर, त्यातून मीठ किती घालायचं ते मी शिकलो नाही, चूक लपवायला शिकलो. पुढची दोन वर्षं बिघडलेलं गुपचूप सिंकमध्ये ओतायचो.

कन्याशाळेच्या_बाई

मी गृहशास्त्र शिकवत असे, १९७८ ते २००९. मुलींची शाळा, वातीचे स्टोव्ह, आठ मुलींत एक कढई. शाळेकडून रॉकेल मिळायचं, बाकी जिन्नस मुलींनी घरून आणायचे. शिऱ्याच्या दिवशी प्रत्येकीच्या हातात वाटीभर रवा, पुडीत साखर, आणि तूप औषधाच्या छोट्या बाटलीत. एकीने रवा न भाजताच पाणी ओतलं, खळ झाली. तिच्या घरून तो रवा कसा आला होता ते मला ठाऊक होतं, रेशनची पिशवी मीच पाहिली होती. टाका म्हणण्याचा प्रश्नच नव्हता हो. त्या खळीत कणीक, गूळ आणि वेलची घालून मी तव्यावर घावन घातले, आठ जणींनी खाल्ले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या घरचा रवा नेला आणि तिच्याकडून शिरा परत करून घेतला. नुसतं सुधारून दिलं असतं तर बाईंनी वाचवलं एवढंच तिच्या लक्षात राहिलं असतं, रवा भाजायचा राहूनच गेला असता.

तुमच्या त्या मुलीने परत केली का ग्रेव्ही? हे तुम्ही लिहिलं नाहीत.

पाटा_वरवंटा

बाईंना +१. घावनाची आयडिया भारीच.

धागाकर्ते, मीठ जास्त झालं तर बटाटा टाकायचा एवढं तरी सुधारायला शिकवा पोरांना, तिथे तर टाकायची वेळच येत नाही.

उलथणं_आणि_फळा (धागाकर्ता)

@पाटा_वरवंटा, हा बटाटा मला दर वर्षी ऐकवतात पोरं, आज्जीनं सांगितलेला असतो म्हणून हळूच समजावतो :) बटाटा रस्सा शोषतो हे खरं, पण त्या पाण्यात जेवढं मीठ आहे तेवढंच घेऊन शोषतो. मागं राहिलेला रस्सा तेवढाच खारट राहतो, फक्त कमी होतो. वर्गात दोन वाट्या करून चाखायला देतो, एक बटाट्याची एक बिनबटाट्याची, ओळखता येत नाही. उपाय एकच, पातेलं वाढवायचं. बिनमिठाचा रस्सा, डाळीचं पाणी, दही, नारळ, जे त्या पदार्थात बसेल ते. बटाटा घातल्यावर लोक वर पाणी पण घालतात, गुण येतो तो त्या पाण्यानं.

@कन्याशाळेच्या_बाई, नाही. परत करून घेतली नाही. शुक्रवारी जॉब बदलला, सूप होतं. तुमचा प्रश्न वाचून पाणी पिऊन आलो.

ओहायोची_सुगरण

मी अमेरिकेत हायस्कूलमध्ये कलिनरी आर्ट्स शिकवते, नववी ते बारावीची मुलं. दिवस ऐकून वाटलं आपण एकाच शाळेत आहोत की काय! फरक सांगते. माझ्याकडे बेलचं राज्य आहे. ८५ मिनिटांच्या तासात येऊन हात धुणं, डेमो, स्वयंपाक, चाखणं, भांडी, सगळं बसवायचं. बेल वाजली की मुलं गणिताच्या वर्गाला पळतात, ओव्हनमध्ये केक असला तरी पळतात, मग तो केक मी काढते. पाच मिनिटांत पुढचे २४ जण आत. सुऱ्यांना माझ्याकडे पण नंबर आहेत, भिंतीवर प्रत्येक सुरीची आकृती रंगवली आहे, रिकामी आकृती लांबूनच दिसते. ही युक्ती बघा सर, मोजायचा वेळ वाचेल.

खायला लावणं इथे शक्यच नाही. वर्गात कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला अंडं, कुणाला दूध. इथल्या कायद्यात आधी आठ मुख्य अ‍ॅलर्जन होते, १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा. चाखायचं का नाही हे मूल ठरवतं. सुरुवातीला मला हे फार जड गेलं, चाखल्याशिवाय स्वयंपाक कसा शिकणार? आता वास, रंग, चमच्यावर धरलेली दाटी यावर बोलायला लावते आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मीच जास्त चांगलं बघायला शिकले.

बिघडलं की आमच्याकडे एक वही आहे. मुलं लिहितात, काय दिसलं, कधी दिसलं, तेव्हा हातात काय होतं. 'काय चुकलं' असं विचारत नाही कारण मग सगळे लिहितात 'लक्ष नव्हतं'. 'कधी दिसलं' विचारलं की खरं बाहेर येतं, की वास दहा मिनिटं आधीच आला होता पण बाईंना सांगायची भीती वाटली.

खोबरं_वाटी

"वास दहा मिनिटं आधीच आला होता पण सांगायची भीती वाटली" हे वाचून अंगावर काटा आला. हे स्वयंपाकाच्या बाहेर पण किती ठिकाणी लागू आहे.

थोडं अवांतर: माझा मुलगा बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला गेला तेव्हा नातेवाइकांनी "एवढे मार्क पडून आचारी होणार का" असं तोंडावर विचारलं. मुलीला स्वयंपाक आलाच पाहिजे, आणि मुलाने शिकला तर मार्क वाया! दादरचं कॅटरिंग कॉलेज १९५४ सालचं आहे, सत्तर वर्षं झाली तरी आपलं घोडं तिथेच.

पदेराचो_शेजारी

गोव्यातून. आमच्याकडे पाव भाजणाऱ्या पदेराला कोण कमी समजत नाही, सकाळी सायकलचा हॉर्न वाजला नाही तर गाव जागं होत नाही :) पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर (ताडीसारखी) वापरायचे, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट. उंडे, पोयी, कातऱ्याचे पाव. पाव जास्त फुगून बसला तर पदेर तो टाकत नाही, परत भट्टीत घालून कडक करतो आणि चहाबरोबर खपतो. सर, पावाचं शिकवता का तुम्ही?

उलथणं_आणि_फळा (धागाकर्ता)

@पदेराचो_शेजारी, बेकरीचा ट्रेड वेगळा आहे, बेकर अँड कन्फेक्शनर. आमच्या सिलॅबसमध्ये बेसिक ब्रेड तेवढा. पण कणकेचं एक बरं असतं, ती आधी सांगते. बोट दाबलं की खळगा हळूहळू भरून आला तर ठीक, भरलाच नाही तर जास्त फुगली. कांदा तसं सांगत नाही, तो दोन मिनिटांत सोनेरीचा काळा होतो.

एक_माजी_पोरगा

मी फूड प्रॉडक्शनचाच, नाशिककडचा, आता क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये आहे. सिग्नल मिळाला म्हणून लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे सर गाजर कापायला लावायचे, तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, फ्रेंच नाव ब्रुनुआज, आम्ही बरनॉल म्हणायचो. वाकडे झाले की टाकायला नाही लावायचे, एका पातेल्यात जमा करायचे आणि ते उकळून त्याचा स्टॉक, म्हणजे भाज्यांचं पाणी, स्टॉकचं सूप, ते सूप आमचं दुपारचं. पण कच्चं चिकन चुकून बाहेर राहिलं होतं एकदा तेव्हा बारा किलो सरळ फेकलं आणि प्राचार्यांसमोर स्वतः उभे राहिले. जहाजावर आल्यावर कळलं त्यांनी काय शिकवलं ते. इथे अमेरिकन बंदरात यूएसपीएचवाले, म्हणजे तिथल्या आरोग्य खात्याचे तपासनीस, न सांगता येतात, १०० पैकी ८५ किंवा खाली आले तर जहाज नापास, सगळ्या जगाला दिसतं. इथे शंका आली की टाक, विचारायचं नाही. आणि वाकडं गाजर आलं की स्टॉकला. दोन्ही एकाच किचनमध्ये.

पास_नंबर_सात

@एक_माजी_पोरगा, तुझं बरोबर आहे, मी वर सरसकट टाका म्हणालो ते मागे घेतो. वेगळं करायला शिकवलं पाहिजे. आकार बिघडला, कापणी बिघडली, दाटी बिघडली तर वाचतं. मेयोनीज फुटलं तर नवीन बलक घेऊन त्यात थेंबथेंब घालत परत बांधता येतं. करपलं तर जात नाही. आणि जिथे पोट बिघडायचा धोका आहे तिथे चव चांगली असली तरी टाकायचं, हे पोरांना सगळ्यात अवघड जातं, कारण चव चांगली असते!

आणि ग्रेव्ही तळाला लागल्याचा वास आला की पहिली गोष्ट, हात थांबवायचा. गॅस बंद, खरवडायचं नाही, वरची वर दुसऱ्या टोपात ओतून घ्यायची, तळाला चिकटलेलं तिथेच राहू द्यायचं. पाचातली चार किलो वाचते.

पाटा_वरवंटा

"चव चांगली असली तरी टाकायचं" म्हणजे नक्की काय? उदाहरण द्या ना. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय.

उलथणं_आणि_फळा (धागाकर्ता)

नेमकं भातावरच बोट ठेवलंत. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं ते विष फोडणीच्या आचेनं जात नाही. वासाला, चवीला काही कळत नाही. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान धोक्याचं. फोडणीचा भात बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, मला स्वतःला वर दाण्याचा कूट घालून फार आवडतो. फक्त उरलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायचा नाही. परातीत पसरून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. आमच्याकडं मे महिन्यात ओट्यावरच चाळीस अंश असतात.

खमंग_फोडणी

आमच्याकडे आजपासून परात. धन्यवाद सर.

एक विचारू का, एवढी मुलं आणि एवढी आग, भाजत नाही का कुणाला? घरी मी एकटी तरी आठवड्यातून एकदा चटका बसतो.

उलथणं_आणि_फळा (धागाकर्ता)

बसतो. पहिल्या दिवशीच शिकवतो, भाजलं की नळाखाली, वाहत्या साध्या पाण्यात वीस मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. पोरं तीन मिनिटांत हात काढतात, बरं वाटतंय म्हणतात, मी परत धरायला लावतो. मोठं भाजलं तर पाण्याखाली धरून ताबडतोब दवाखाना. आणि कढईतल्या तेलानं पेट घेतला तर गॅस बंद आणि वर झाकण, पाणी कधीच नाही. हे जुलैपासून दर सोमवारी म्हणून घेतो.

ओहायोची_सुगरण

सर, मूळ प्रश्नाकडे येऊ का? तुम्ही ते पातेलं स्वतः उचलून मागे नेलंत, मला तिथे अडतंय. तिच्या हातून ते तुम्ही काढून घेतलंत. माझ्या वर्गात बरीच मुलं अशी आहेत ज्यांना शुक्रवारी दुपारनंतर सोमवारपर्यंत नीट जेवण मिळत नाही. त्यांच्यासमोर काही टाकायचं असेल तर मी आधी त्यांना चाखू देते, ज्यांना चालतं त्यांना. ते स्वतः म्हणतात की बाई हे नाही चालणार, मग आम्ही मिळून टाकतो. तिने ती ग्रेव्ही चाखली होती का?

कन्याशाळेच्या_बाई

मला हेच विचारायचं होतं. अन्न टाकणं आणि एखाद्याचं अन्न टाकणं यात फरक आहे हो.

उलथणं_आणि_फळा (धागाकर्ता)

नव्हती चाखली. मी चाखली, मी ठरवलं, मी उचललं. अकरा वर्षं मीच चाखतोय आणि मीच ठरवतोय.

आज सोमवारी काय केलं ते लिहितो. आजचा ठरलेला जॉब पुढं ढकलला. सकाळी डेमोला मी एकटाच उभा राहिलो, अर्धा किलो कांदा आणि एक छोटी कढई. परतत गेलो आणि दर टप्प्याला एक चमचा काढून स्टीलच्या ताटलीत ठेवत गेलो. पारदर्शक, पिवळट, सोनेरी, विटकरी, मग गडद, मग काळा. सहा ढिगुल्या. सगळ्यांनी ओळीनं चाखल्या. विटकरी आणि गडद यांच्या मधे किती वेळ गेला ते एका पोराला मोबाईलवर मोजायला लावलं होतं, पन्नास सेकंद. पोरं गप्पच झाली. ती सहाव्या ढिगुलीपाशी आली, चाखली, तोंड वाकडं केलं, परत पाचवी चाखली. मग म्हणाली, सर त्या दिवशी वास इथं आला होता, पाचवीला. मी हलवत राहिले कारण तुम्ही म्हणला होता हात थांबवू नका.

मी खरंच म्हणलो होतो. कांदा परतताना हात थांबवायचा नाही, हे मी दर वर्षी म्हणतो. लागल्याचा वास आला की थांबवायचा, हे कधी म्हणलो नव्हतो, मला वाटायचं ते कळतंच.

मग तिच्या ग्रुपनं पाच किलोची ग्रेव्ही परत केली. चांगली झाली, मीठ जरा कमी. दुपारी तिच्यात अंडाकरी केली, सगळ्यांनी खाल्ली. करपलेली ढिगुली त्यांनीच मागं झाडाच्या खड्ड्यात नेली.

पास_नंबर_सात

सर, पन्नास सेकंदांचा प्रयोग मी उद्या माझ्या कॉमीजना, म्हणजे हाताखालच्या शिकाऊ पोरांना करून दाखवणार. सांगून ठेवतो, तुमचं नाव घेणार.

एक_माजी_पोरगा

सर तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

कन्याशाळेच्या_बाई

आणि ती मुलगी आता कशी आहे?

उलथणं_आणि_फळा (धागाकर्ता)

बाई, या आठवड्यात तिच्या ग्रुपकडं स्टोअरची पाळी आहे, इंडेंट तीच लिहिते. परवा परत ग्रेव्ही आहे, दुसऱ्या बॅचची. कांदा पाच किलो लागतो हे तिला माहीत आहे. तिनं साडेपाच लिहिला आणि पुढं पेन्सिलीनं, अर्धा किलो चव दाखवायला. भांडारपाल मला विचारायला आले की हे काय. मी सही करून दिली.